पाण्याला विचारा, पाणी सांगेल

(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या वरकुटे गावातून बोलतोय. शेतातून आल्यावर, स्वयंपाकाला लागायच्या आधी तासभर आमच्या गावात प्रौढ साक्षरतेचा वर्ग भरतो. पंधरा वर्षांच्या पुढच्या कुणालाही त्यात येता येतं. आमच्या वर्गात नुकतं लग्न होऊन आलेल्या सुना आहेत आणि नातवंडं कॉलेजात गेलेल्या आज्याही आहेत. आम्ही तिथे शिकवतो, म्हणजे अक्षरं आणि आकडे शिकवतो. पण आज सांगायचंय ते आम्ही सगळ्यांनी मिळून केलेल्या पाण्याच्या प्रयोगांबद्दल.

प्रयोग म्हटलं की कुणाला वाटेल, हे शाळेतल्या पोरांचं काम. आमच्या वर्गातही एक मावशी म्हणाल्या, "आम्हाला सही करता आली तरी पुष्कळ, प्रयोग कशाला?" तेव्हा आम्ही त्यांना विचारलं, पेरणीआधी बियाणं चांगलं आहे की नाही हे तुम्ही कसं बघता? मावशींनी लगेच सांगितलं. शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं आणि काही दिवसांनी उगवलेले दाणे मोजायचे. सत्तर उगवले तर एक विचार, चाळीस उगवले तर बियाणं परत. मग आम्ही म्हणालो, मावशी, हाच प्रयोग. तुमच्या मनात प्रश्न होता, तुम्ही मोजून दाणे घेतले, वाट पाहिली, परत मोजलं आणि त्यावरून ठरवलं. दुकानदार काय म्हणाला यावर तुम्ही थांबला नाहीत. विज्ञानाची रीत म्हणतात ती हीच. तुम्ही ती बियाण्याला लावता, आता पाण्याला लावून बघू.

पाण्याचा विषय निघाला त्याला कारण घडलं होतं. गावात पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारे एक गृहस्थ आले होते. त्यांनी ओट्यावर दोन पेले ठेवले. एकात त्यांच्या यंत्राचं पाणी, दुसऱ्यात आपल्या घरचं. दोन्हीत धातूच्या कांड्या बुडवल्या आणि वायर बोर्डात लावली. यंत्राचं पाणी होतं तसंच राहिलं. घरचं पाणी आधी पिवळं झालं, मग तांबडं, आणि वर गाळ तरंगायला लागला. "हे तुम्ही लेकरांना पाजता," असं ते म्हणाले. बायकांच्या पोटात गोळाच आला. यंत्राची किंमत बारा हजारांच्या घरात. दुसऱ्या दिवशी गटातल्या अकरा जणींनी कर्ज मागितलं. गटाची बैठक आठ दिवसांवर होती.

कुणाचं लेकरू आजारी पडावं असं कुणालाच वाटत नाही, म्हणून त्या अकरा जणींचं काही चुकलं असं आम्ही म्हणत नाही. पण अकरा घरांवर दीड वर्ष हप्ता बसणार होता. तेव्हा आम्ही वर्गात एकच प्रश्न मांडला, तो गाळ आला कुठून?

फळ्यावर चार रकाने आखले. काय विचारलं, काय वाटतं, काय केलं, काय दिसलं. वहीतही तेच चार रकाने. एक नियम ठरवला, 'काय वाटतं' हे आधी लिहायचं आणि नंतर खोडायचं नाही. पुढे वेगळं निघालं तरी ते तसंच राहू द्यायचं. कारण माणसाचा स्वभाव असा की उत्तर कळलं की "मी आधीच म्हणत होते" असं वाटायला लागतं. वहीत लिहिलेलं असलं की तसं होत नाही.

बहुतेकींनी लिहिलं, 'गाळ पाण्यात होता, करंटनं वर आला.' दोघी-तिघींनी लिहिलं, 'कांडीतून आला.' एका आक्कांनी लिहिलं, 'त्याच्या हातात काही असंल.' आम्ही तेही लिहू दिलं. अंदाज कुणाचाही असो, तो तपासायचा.

आता हा प्रयोग कसा केला ते नीट ऐका. पहिली गोष्ट, घरातल्या लाईटच्या बोर्डाला हात लावायचा नाही. पाणी आणि लाईट एकत्र आलं तर जीव जातो. आम्ही माईकमध्ये घालतात ती नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेतली. दोन वायरी, चार लोखंडी खिळे पॉलिश पेपरनं घासून स्वच्छ केलेले, काचेचे चार सारखे पेले, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. सगळ्या पेल्यांत पाणी सारखंच, अर्धा पेला. वेळही सारखीच, पंधरा मिनिटं, मोबाईलवर लावून.

पहिल्या पेल्यात डिस्टिल्ड वॉटर आणि दोन खिळे. बॅटरी नवी असताना हा पेला मुद्दाम पहिला घेतला, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बॅटरी उतरली होती. पंधरा मिनिटं झाली, पाणी स्वच्छ.

दुसऱ्या पेल्यात नळाचं पाणी आणि तेच दोन खिळे. हळूहळू पाणी पिवळसर झालं, मग तांबूस झालं आणि गाळ दिसायला लागला. अगदी त्या गृहस्थांनी दाखवलं तसं. वर्गात कुजबूज सुरू झाली, "बघा, आपलंच पाणी घाण."

तिसऱ्या पेल्यात पुन्हा डिस्टिल्ड वॉटर आणि नवे खिळे, पण या वेळी त्यात आपल्या मिठाच्या डब्यातलं चिमूटभर मीठ. पाच-सात मिनिटांतच पाणी तांबडं झालं. दुसऱ्या पेल्यापेक्षा जास्त गाळ. वर्ग एकदम गप्प झाला. जे पाणी मघाशी स्वच्छ होतं त्यात आपण रोज आमटीत घालतो तेवढं मीठ पडलं, आणि ते 'घाण' झालं.

चौथ्या पेल्यात नळाचं पाणी आणि चिमूटभर मीठ, पण खिळ्यांच्या जागी दोन्ही टोकांना तासलेल्या शिसपेन्सिली. शिसाला वायर जोडली. बुडबुडे आले, पण तांबडा गाळ आला नाही.

आता चारही पेले शेजारी ठेवून बघा. तांबडा गाळ कुठे आला? जिथे लोखंड होतं आणि पाण्यात क्षार होते तिथेच. क्षार होते पण लोखंड नव्हतं, तिथे नाही. लोखंड होतं पण क्षार नव्हते, तिथेही नाही. क्षार असले की पाण्यातून करंट वाहतो, आणि तो वाहायला लागला की बॅटरीच्या अधिक टोकाला जोडलेल्या खिळ्याचं लोखंड विरघळून पाण्यात उतरतं. तो गाळ म्हणजे गंज. तिसऱ्या पेल्यातला अधिक टोकाचा खिळा बाहेर काढला तेव्हा तो खडबडीत झालेला बोटाला लागत होता. त्या परीक्षेत लिंबूसरबत ठेवलं असतं तरी ते नापास झालं असतं.

(हा प्रयोग करायचा तर मोकळ्या हवेत करा. पेल्यातलं पाणी कुणी पिऊ नये, ते ओतून द्या आणि पेले घासून घ्या.)

इथे आमची एक आजी बोलली. ती म्हणाली, "ते खरं गं बायांनो. त्याची परीक्षा खोटी निघाली. पण म्हणून आपलं पाणी चांगलं आहे, हे कुठं कळलं?" मैत्रिणींनो, आख्ख्या वर्गात याहून मोलाचा प्रश्न निघाला नाही. एखादा पुरावा कच्चा निघाला म्हणजे त्याच्या उलट सिद्ध झालं, असं होत नाही. पाणी चांगलं आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याला वेगळे प्रयोग लागतात. आजीचा प्रश्न आम्ही दोन भागांत केला. पाण्यात क्षार किती? आणि पाण्यात जंतू आहेत का?

आधी क्षारांचं सांगतो. आपल्याकडे कुठल्या बोअरचं पाणी मचूळ, कुठल्या विहिरीचं जड, हे बायकांना तोंडपाठ असतं. ते नजरेला दिसावं म्हणून तीन सारख्या स्टीलच्या ताटल्यांत प्रत्येकी एक वाटी पाणी घेतलं. एकीत डिस्टिल्ड वॉटर, एकीत नळाचं, एकीत बोअरचं. वर जाळी झाकून उन्हात ठेवलं. पाणी आटल्यावर पहिली ताटली कोरी, दुसरीत पुसट पांढरा थर, तिसरीत बोटानं खरवडावा असा थर. मग डाळ शिजवली. अर्धी वाटी तूरडाळ, एकाच डब्यातली, सारखंच पाणी, सारखीच पातेली, सारखाच गॅस, अर्धा तास. डिस्टिल्ड वॉटरमधली डाळ चिमटीत विरघळली, बोअरच्या पाण्यातली दाण्यादाण्याची राहिली. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला धरून बसतं, म्हणून ती मऊ पडत नाही. सासवा सांगत आल्या ते खरं होतं, आता त्याचं कारणही कळलं.

क्षारांचा हा विषय आपल्या भागात जुना आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. पाणी आलं, बागायत वाढली, पण निचरा नव्हता तिथे पाणी साचून वर्षानुवर्षं क्षार वर येत गेले आणि चांगल्या जमिनींवर मीठ फुटलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी या जमिनींचा अभ्यास केला आणि १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका काढली. शेतात पांढरं दिसलं की कुणाची दृष्ट लागली म्हणून सोडून न देता माती आणि पाणी तपासायचं, हे आपल्याच मातीत शंभर वर्षांपूर्वी झालेलं आहे. मीठफुटीच्या जमिनीला चर काढून निचरा करावा लागतो, हे आज इथला शेतकरी जाणतो ते अशाच तपासण्यांमुळे.

क्षार किती असले तर चालतात? भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पेनासारखं मीटर पाण्यात बुडवून विक्रेते जो आकडा दाखवतात तो एवढ्याचाच अंदाज देतो. त्या मीटरला जंतू दिसत नाहीत आणि नायट्रेटही वेगळं कळत नाही. आपला उसाचा पट्टा, खतं भरपूर, म्हणून नायट्रेटकडे बघायलाच हवं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त असलेलं पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधात गेलं तर बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहता न येण्याचा धोका असतो. आणि लक्षात ठेवा, पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. हे फक्त प्रयोगशाळेत किंवा तपासणीच्या किटमधेच कळतं.

आता जंतूंचं. यासाठी एक लहान बाटली मिळते, तिला एच टू एस बाटली म्हणतात. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ही सोपी तपासणी जगापुढे मांडली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची शक्यता मोठी.

आम्ही चार बाटल्या भरल्या. पहिलीत थेट नळाचं पाणी. दुसरीत तेच पाणी माठात भरून, दिवसभर पेला बुडवून घेतलेलं. तिसरीत तेच पाणी दुसऱ्या माठात, पण घेताना फक्त ओगराळं वापरलेलं. चौथीत उकळून गार केलेलं. अंदाज आधी लिहिले. बहुतेकींनी लिहिलं, नळाचं पाणी काळं पडणार, माठातलं नाही, कारण माठात गाळ खाली बसतो.

दुसऱ्या दिवशी काळी पडली ती दुसरी बाटली. पेला बुडवलेल्या माठाची.

एकदा झालं म्हणजे योगायोगही असू शकतो. म्हणून आणखी तीन घरांत तसंच करून पाहिलं. तीनपैकी दोन घरांत पेला बुडवलेल्या माठाची बाटली काळी पडली, तिसऱ्या घरात नाही पडली. नळाची आणि ओगराळ्याची एकाही घरात पडली नाही. तिसऱ्या घराचा निकालही आम्ही वहीत लिहिला. आपल्याला हवा तसा नसलेला निकाल गाळायचा नाही, हाही नियमच.

पाणी नळातून येतं तेव्हा ठीक आहे, आणि आपल्या घरात, आपल्या बोटांनी बिघडतं. लेकराचं ढुंगण धुऊन, शेण काढून, घाईत हात धुतलेला न धुतलेला, तोच हात पेल्यासकट माठात जातो. दिसायला पाणी काचेसारखं असतं. तुरटी फिरवली तर गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं, पण जंतू सगळे मरत नाहीत. नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे.

दिसत नसलेल्या गोष्टीचा माग असा मोजून काढता येतो याचं एक जुनं उदाहरण वर्गात सांगितलं. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. तेव्हा सगळे म्हणत, वाईट हवेनं पटकी होते. जॉन स्नो नावाचे डॉक्टर घरोघरी गेले, कुठे किती माणसं गेली ते नकाशावर मांडलं, आणि प्रत्येक घरी विचारलं, पाणी कुठून आणता? मयतांचा घोळका ब्रॉड स्ट्रीटच्या एका हातपंपाभोवती होता. पण डॉक्टरांनी उलटी उदाहरणंही शोधली. पंपाजवळच दारूचा कारखाना होता, तिथले कामगार वाचले, कारण ते त्या पंपाचं पाणी पीत नव्हते. आणि दूर राहणारी एक विधवा बाई गेली, कारण तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची, ती रोज तिथून पाणी मागवायची. पंपाचा दांडा काढून टाकला गेला. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखला तो त्यानंतर तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, आपल्या कलकत्त्यात. म्हणजे जंतू डोळ्यांनी दिसायच्या आधीच, विचारून आणि मोजून, माणसं वाचवायचा रस्ता सापडला होता.

आता बैठकीत काय झालं ते सांगतो. ज्या आक्कांनी 'त्याच्या हातात काही असंल' असं लिहिलं होतं, त्यांनीच उभं राहून चार पेल्यांचा प्रयोग सगळ्यांना करून दाखवला. नंतर वहीतून वाचूनही दाखवला, बोट ठेवून, शब्द शब्द जुळवत. सरसकट अकरा कर्जं द्यायची नाहीत असं ठरलं. आधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत द्यायचे आणि अहवाल आल्यावर बघायचं. दोन घरं पिण्यासाठी बोअरचं पाणी वापरत होती, त्यांनी तूर्त नळाचं पाणी प्यायचं ठरवलं. आणि गटानं एकदम खरेदी केली ती ओगराळ्यांची आणि तोटी बसवलेल्या माठांची.

यंत्र कुणी घेऊच नये असं आम्ही म्हणत नाही. पाणी खरोखर फार क्षाराचं असेल आणि दुसरं पाणी नसेल तर त्याचा उपयोग आहे. पण ते यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, आणि आपल्या भागात उन्हाळ्यात तेवढं पाणी डोक्यावरून आणावं लागतं. कर्ज काढायचंच असेल तर ते अहवाल बघून काढावं, भीतीपोटी नको.

तुमच्या गटाला हे करायचं असेल तर पुढच्या बैठकीत एवढं करा.

एकच प्रश्न घ्या, आणि तो असा घ्या की त्याचं उत्तर मोजता येईल. 'पाणी चांगलं आहे का' हा प्रश्न फार मोठा आहे. 'पेल्यानं घेतलेलं आणि ओगराळ्यानं घेतलेलं पाणी, यात फरक पडतो का' हा बरा.

प्रत्येकीचा अंदाज आधी लिहून घ्या. लिहिता येत नसेल तिचा दुसरीनं लिहावा, पण तिच्याच शब्दांत.

एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं सारखं ठेवा. दोन गोष्टी बदलल्या तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

जे दिसलं ते लिहा, आणि दुसऱ्या घरात पुन्हा करून बघा.

बाटलीसाठी आशाताईंना, जलसुरक्षकांना किंवा ग्रामपंचायतीत विचारा. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे शोधा. कुणीच नसेल तर तुमच्या गटातली नावं द्या. काळी पडलेली बाटली उघडून तशीच ओतू नका, त्यात ब्लीचिंगचं पाणी घालून, थोडा वेळ ठेवून मग टाका, आणि हात साबणानं धुवा. बाटली काळी पडली नाही म्हणजे पाण्यात कुठलाच दोष नाही असंही समजू नका.

आणि घरात साथ असेल, पावसाळ्याचं गढूळ पाणी असेल, तर प्रयोगाची वाट बघत बसू नका. पाणी खळखळ उकळू द्या, किंवा मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा. ते प्रमाण वाचता यावं, यासाठीच तर आपण संध्याकाळी वर्गात बसतो.

तुम्ही काय विचारलं, तुम्हाला काय वाटलं होतं आणि काय दिसलं, ते पत्रानं नक्की कळवा. उलटं निघालं तर आधी कळवा.